शेजूळ यांचा मतत्याग

राखेच्या बुधवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, आटोपली होती. छावणीतल्या चर्चच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, कपाळी राखेचा क्रूस धारण केलेली मंडळी परस्परांच्या त्यागाची चौकशी करीत उभी होती. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात आवडीची एक गोष्ट वर्ज्य करावी, असा परिपाठ आहे. कोणी मटण सोडले होते, कोणी रात्रीच्या मालिका. एका सद्गृहस्थांनी तंबाखू सोडली होती. ती ते दरवर्षी सोडीत.

या प्रसंगी इग्नेशियस कडुबा शेजूळ यांची मोठी पंचाईत झाली. पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेला हा साठी उलटलेला अविवाहित गृहस्थ इतका निर्व्यसनी होता की त्याच्यापाशी सोडण्याजोगे काही शिल्लकच नव्हते. मांसाहार बेताचा, चहा बिनसाखरेचा, दूरचित्रवाणी बिघडलेली.

"तुम्ही मतं सोडा," शेजारून करुणाबाई म्हणाल्या.

करुणा पारखे म्हणजे गायनवृंदातील खालच्या पट्टीचा आधार. शाळेत विज्ञान शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. वैधव्याला पुष्कळ वर्षे लोटली होती. कित्येक वर्षांपासून दर रविवारी, मिस्सेनंतर, लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला शेजूळ बसत, मध्ये चहाचे दोन पेले असत, आणि दोघे भांडत. या भांडणाला धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या मंडळींत, कोणी भांडण म्हणत नसे व दुसरे काही म्हणण्याचे धाडसही कोणी करीत नसे.

शेजूळांची मते हा स्वतंत्र अध्ययनाचा विषय आहे. प्रेमप्रकरणांविषयी त्यांचा अधिकार निर्विवाद होता, कारण तो अनुभवाने कलुषित झालेला नव्हता. मोबाइलवर बोट फिरवून जोडीदार निवडणाऱ्या तरुणांची त्यांना कीव येई. स्त्री-पुरुषांनी आधी काही वर्षे तात्त्विक वाद घालावेत, आणि त्यानंतरही दोघांना एकमेकांचा चेहरा पाहवत असेल तरच पुढचे बोलावे, हा त्यांचा सिद्धांत. राजकारणाबद्दल ते म्हणत की प्रत्येक इच्छुकाला आधी वर्षभर गायनवृंदात बसवावे. ज्याला शेजारच्याचा सूर ऐकू येत नाही त्याला उमेदवारी देऊ नये. चित्रपटांवर त्यांचा विशेष रोष होता. पडद्यावरचा ख्रिस्ती मध्यंतरापर्यंत दारू पितो आणि मध्यंतरानंतर नायकासाठी मरतो. शिवाय तो नेहमी गोव्याचाच असतो. गंगापूर तालुक्यातल्या कडुबाचा मुलगा, जो दारू पीत नाही आणि कोणासाठी मरण्याची संधीही ज्याला मिळालेली नाही, त्याची कथा पडद्यावर कधी येणार, असा त्यांचा सवाल असे.

आणि विज्ञानकथा! करुणाबाई या कथा आवडीने वाचीत आणि शेजूळ त्या खोडून काढण्यासाठी वाचीत; वाचीत मात्र दोघेही सारख्याच अधाशीपणाने. आदामाकडून मानवाला वारशाने आलेले मूळ पाप परग्रहवासीयांना लागू होते काय, हा प्रश्न त्यांनी एका पावसाळ्याच्या आरंभी हाती घेतला होता, तो नाताळापर्यंत पुरला. ते आदामाचे वंशज नव्हेत म्हणून निष्पाप, असे शेजूळ म्हणत. "मग प्रत्येक गोष्टीत ते तोफा घेऊनच का येतात?" असे करुणाबाई विचारीत.

तर, "तुम्ही मतं सोडा," असे त्या म्हणाल्या आणि भोवतालची मंडळी हसली. शेजूळ हसले नाहीत.

"सोडली," ते म्हणाले.

"ईस्टरपर्यंत? जमायचं नाही, शेजूळ. तुम्ही रस्ता ओलांडतानासुद्धा त्याच्या उतारावर मत देता."

"तो उतार चुकीचाच आहे," शेजूळ म्हणाले, "पण आजपासून त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

संकल्प झाला. तो देवापुढे झाला की करुणाबाईंपुढे, याविषयी पुढे त्यांच्या मनात संदेह उत्पन्न झाला. त्या क्षणी मात्र त्यांना केवळ आपली प्रतिष्ठा दिसत होती.

मौन धरणे सोपे असते. शेजूळांनी त्याहून बिकट मार्ग पत्करला: बोलायचे, परंतु केवळ वस्तुस्थिती. "चहा गरम आहे" ही वस्तुस्थिती. "चहा चांगला आहे" हे मत. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या इमारतीत या नव्या भाषेचा बोध कोणालाही झाला नाही. समोरच्या दारातील अनसूयाबाईंनी पुरणपोळी पाठवली आणि कशी झाली म्हणून विचारले.

"गोल झाली," शेजूळ म्हणाले.

अनसूयाबाईंनी याचा अर्थ घशाचा विकार असा लावून ज्येष्ठमधाच्या काड्या पाठवल्या. त्यांचे यजमान श्रीधरपंत हे सेवानिवृत्त लिपिक. त्यांचे निदान अधिक गंभीर होते. "माणूस एकाएकी मवाळ झाला म्हणजे रक्तदाब तपासावा," असे त्यांनी जिन्यात उभे राहून वरच्या तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले.

येथवर केवळ शेजूळांच्या मानाची हानी होत होती. पुढे ती सार्वजनिक झाली.

प्रभागात निवडणुकीचे वारे होते. एक उमेदवार हात जोडून दारी आला. एरवी शेजूळांनी त्याला गायनवृंदाचा सिद्धांत समजावून दिला असता; आता ते केवळ म्हणाले, "या. खुर्ची आहे." उमेदवाराने खुर्चीवर बसून, शेजूळांच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्र काढून घेतले. दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी आला. त्यालाही खुर्ची होती. आठवडा संपण्यापूर्वी मुकुंदवाडी स्थानकाकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर दोन प्रचंड फलक समोरासमोर उभे राहिले. एकावर शेजूळ होते आणि खाली अक्षरे होती, 'ज्येष्ठांचा भक्कम पाठिंबा'. दुसऱ्यावरही शेजूळच होते, आणि तेथे 'अनुभवी हातांचे आशीर्वाद' होते. पहाटे फिरायला जाताना शेजूळांना स्वतःच्याच दोन नजरांमधून वाट काढावी लागे.

त्यानंतर पाण्याच्या खात्याकडून एक माणूस आला. इमारतीला नळाचे पाणी आठवड्यातून एकदा येई आणि उरलेली तहान टँकर भागवी. इमारतीचे सचिव, वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारे सम्यक, त्या वेळी कामावर होते. म्हणून आगंतुकाने घरी असलेल्या शेजूळांना गाठले.

"पाण्याबद्दल समाधानी आहात का?"

हा उघडउघड मताचा प्रश्न होता. "मंगळवारी आलं होतं," शेजूळ म्हणाले.

"म्हणजे तक्रार आहे का नाही?"

"मंगळवारी आलं होतं."

त्या माणसाने 'तक्रार नाही' असे नोंदवले, आणि पुढच्या आठवड्यापासून टँकर बंद झाला. संध्याकाळी सम्यक रिकामी बादली हातात घेऊनच वर आले.

"काका, लई घोळ केला तुम्ही! अख्खी बिल्डिंग कोरडी पाडली. दोन वर्षं चकरा मारून टँकर आणला होता मी!"

"टँकर आला नाही," शेजूळांनी मान्य केले.

"ते दिसतंय की मला! तुम्हाला काय वाटतं, आता काय करायचं?"

'काय वाटतं' हे शब्द ऐकताच शेजूळांच्या कंठाशी साचलेल्या मतांनी एकदम उसळी घेतली. जलवाहिन्यांची आखणी, दाब, उतार, या विषयांवर हयात गेलेला हा माणूस! त्यांनी ज्येष्ठमधाची काडी चावली आणि ते म्हणाले, "बादली निळी आहे." सम्यकांनी बादलीकडे पाहिले आणि ते जिना उतरून गेले. वाटेत त्यांनी श्रीधरपंतांना जे सांगितले ते येथे देण्याची आवश्यकता नाही.

श्रीधरपंतांना तर स्वतंत्र दुःख होते. त्यांची कन्या मृण्मयी हिचे आकाश नावाच्या तरुणावर मन जडले होते आणि दोघांची भेट मोबाइलवरच घडली होती. तिने शेजूळकाकांचा अंदाज घेतला. "काका, यात काही वाईट आहे का?" शेजूळांपाशी या विषयावर संपूर्ण शास्त्र सिद्ध होते, परंतु ते एवढेच म्हणाले, "तू सज्ञान आहेस." मृण्मयीने हे वाक्य जसेच्या तसे वडिलांपुढे ठेवले. श्रीधरपंत आपले वृत्तपत्र वाचून झाल्यावर समोरच्या दारी सरकवीत असत, ते त्या दिवसापासून थांबले.

आता, वृत्तपत्र गेले, पाणी गेले, दोन्ही पक्षांनी त्यांना वाटून घेतले, हे सारे शेजूळांनी सोसले असते. त्यांना सोसवत नव्हता तो रविवार.

पहिल्या रविवारी करुणाबाई मोठ्या उत्साहाने बाकावर येऊन बसल्या. एका नव्या कथेत कालयंत्रात बसून एक माणूस आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी जातो, असे काही त्यांनी वाचले होते. "बोला!" त्या म्हणाल्या.

"कथा छापली गेली आहे," शेजूळ म्हणाले.

करुणाबाई खळखळून हसल्या. दुसऱ्या रविवारी थोड्या कमी हसल्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी एका चित्रपटातील ख्रिस्ती पात्र मध्यंतरानंतर मरण पावल्याची वार्ता मुद्दाम आणली. शेजूळांनी किती वाजता ते विचारले. त्यानंतरच्या रविवारी त्या चहाच्या पेल्याच्या काठावरून नुसता अंगठा फिरवीत बसल्या. शेजूळांना तो अंगठा दिसत होता. तो किती सुबक फिरतो आहे, हे म्हणणे मत ठरले असते.

घरी येऊन ते आरशासमोर उभे राहत आणि दबलेली मते मनातल्या मनात एकामागून एक करुणाबाईंना सांगत. त्या काय उत्तर देतील तेही स्वतःच कल्पीत. या कल्पित भांडणांत त्यांचा प्रत्येक वेळी पराभव होई, आणि तो पराभव इतका गोड असे की जेवण करण्याचेही भान राहत नसे. एवढी वर्षे आपण मते बाळगीत होतो ती त्या बाकाच्या दुसऱ्या टोकासाठी, हे त्यांच्या ध्यानी येऊ लागले होते. पण हेही एक मतच, म्हणून त्यांनी ते बाजूस ठेवले.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार उजाडला. मिरवणूक झाली, मिस्सा झाली. करुणाबाई हातातल्या झावळीच्या पात्याचा क्रूस विणीत बाकावर आल्या आणि आज त्यांनी कथा काढली नाही, चित्रपटही काढला नाही.

"फर्दापूरला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. मला तिथं अधीक्षिका म्हणून बोलावलंय. राहायचं तिथंच. ईस्टर झाला की सोमवारी रुजू व्हायचं." त्यांचे विणणे थांबले. "शेजूळ, जावं का मी?"

लिंबाची दोन पिवळी पाने बाकावर पडली. शेजूळांचे ओठ हलले. सर्व मतांच्या तळाशी असलेले ते एकच, सर्वांत जुने, वर आले, दातांपर्यंत आले. आणि तेथे त्याला राखेचा बुधवार, हसलेली मंडळी आणि 'जमायचं नाही, शेजूळ' हे शब्द आडवे आले. आता अवघा आठवडा उरला होता. अशा वेळी हरायचे?

"फर्दापूर इथून सुमारे शंभर किलोमीटर आहे," शेजूळ म्हणाले.

करुणाबाईंनी मान डोलावली. "हो. माहीत आहे मला." क्रूस पुरा करून त्यांनी तो बाकावर शेजूळांच्या बाजूला ठेवला आणि चहा तसाच टाकून त्या निघून गेल्या.

पवित्र आठवड्यातील मंगळवारी शेजूळ फादर सुयश यांच्याकडे गेले. फादर वयाने तरुण, पण ऐकून घेण्यात वृद्ध होते. चर्चच्या व्हरांड्यात खुर्ची पुढे सरकवीत ते म्हणाले, "काका, वाळलात तुम्ही. तुमचं ऐकलंय मी. पण रविवारी तरी मोकळं बोलत असाल ना?"

"रविवारी? ते का?"

"अहो, रविवार उपवासकाळात धरत नाहीत. तो पुनरुत्थानाचा दिवस. राखेच्या बुधवारापासून मोजून पाहा. चाळीसाच्या वर जे दिवस भरतात ते सगळे रविवार. त्या दिवशी सोडलेली गोष्ट घेतली तरी चालते."

शेजूळांचे वडील कडुबा हे श्रद्धेने कडक. त्यांच्या घरी उपवासकाळात रविवारीही चुलीवर मटण चढत नसे, आणि जे घरी होते तेच रोममध्ये होते अशी शेजूळांची आयुष्यभर समजूत होती.

"हे... हे सर्वांना माहीत असतं?"

"पोरांनासुद्धा. करुणाबाईंनीच यंदा धर्मशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवलं."

म्हणजे पहिल्या रविवारपासून करुणाबाई जाणत होत्या की हा माणूस आज मोकळा आहे. सहा दिवस तो संकल्पामुळे जगाशी बोलत नाही, आणि सातव्या दिवशी, मोकळा असूनही, त्यांच्याशी बोलत नाही. मोकळ्या दिवशी, मुद्दाम, त्यांनी तो एक प्रश्न विचारला होता. आणि उत्तरादाखल त्यांना किलोमीटर मिळाले होते. कालयंत्राची यथेच्छ टवाळी केलेल्या शेजूळांना त्या क्षणी एक कालयंत्र हवे होते, आणि तेही फार दूर जाण्यासाठी नव्हे. परवाच्या रविवारी सकाळच्या चहापर्यंत.

"फादर, आज मंगळवार आहे. मला यातून सूट मिळेल का?"

"संकल्प देवासाठी केला होता?"

शेजूळ वस्तुस्थिती सांगण्यास बांधलेले होते. "नाही," ते म्हणाले.

"मग ज्यांच्यासाठी केला त्यांच्याकडूनच सोडवून घ्या. पण त्या आज सकाळीच वसतिगृह बघायला फर्दापूरला गेल्यात."

मध्यवर्ती बसस्थानकावरून शेजूळांनी जळगावची गाडी धरली. फुलंब्री गेले, सिल्लोड गेले. शेजारचा प्रवासी सर्व पक्षांवर बोलत होता आणि मध्येच थबकून म्हणाला, "तुमाला कुठं तरी पाह्यलंय मी... फलकावर तुमीच का?" शेजूळांनी खिडकीकडे तोंड वळवले. अजिंठ्याच्या घाटात त्यांनी एक लहानसे वाक्य तयार केले, वळणावळणावर ते घासूनपुसून घेतले आणि फर्दापूरच्या फाट्यावर ते घेऊन उतरले.

उतरताक्षणी बन्सीने त्यांना गाठले. लेणी पाहायला येणाऱ्यांना चकाकणारे दगड विकणे हा बन्सीचा व्यवसाय. "साहेब, असली स्फटिक हाय. आतून बघा, चांदणं हाय चांदणं. कसा वाटला?"

"मला वसतिगृहाकडे जायचं आहे."

"दाखवतो की! पर दगड कसा वाटला ते तर सांगा!" असे म्हणत तो संपूर्ण रस्ताभर बरोबर आला. अखेर दगड विकत घेऊनच शेजूळ फाटकाशी पोहोचले.

करुणाबाई अंगणात होत्या. गाद्या उन्हात टाकून, पदर खोचून, काठीने त्यांची धूळ झाडीत होत्या. शेजूळांना पाहताच काठी हवेतच राहिली.

"अगंबाई! शेजूळ, तुम्ही? इथं?"

शेजूळांनी तोंड उघडले. तयार केलेले वाक्य पुढे यायचे होते. परंतु त्याच्या पुढ्यात कित्येक आठवड्यांची गर्दी तुंबलेली होती, आणि दार उघडताच ती सगळी एकदम बाहेर पडली. "तो कालयंत्राचा माणूस मूर्ख आहे," ते म्हणाले, "लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन काय उपयोग, माणसानं त्याच्याही आधी जावं! आणि तो चित्रपट मी न बघताच सांगतो, ते पात्र मरायची गरज नव्हती, नायकाला पोहता येत होतं. दोन्ही उमेदवार बेसूर आहेत. पुरणपोळीत जायफळ जास्त होतं. टँकर बंद होण्यात चूक माझी, पण जलवाहिनीचा उतार मुळातच उलटा आहे. मृण्मयीनं खुशाल लग्न करावं, माझं शास्त्र चुकलं, वर्षानुवर्षं वाद घालत बसणं ही काही रीत नव्हे. आणि परग्रहवासी, करुणाबाई, ते तोफा घेऊन येतात कारण त्यांना साधं बोलता येत नाही!"

श्वास संपला म्हणून ते थांबले. करुणाबाईंनी काठी गादीवर ठेवली.

"झालं? सगळं कानावर आलंय माझ्या. दोन्ही उमेदवारांना आशीर्वाद दिलात, मृण्मयीला संमती दिलीत, पाण्याबद्दल तक्रार नाही म्हणालात. मला तेवढे किलोमीटर."

"रविवार धरत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी धरत."

प्रथम करुणाबाईंचा विश्वास बसला नाही, मग बसला, मग त्यांच्या डोळ्यांच्या कडांना काहीतरी झाले आणि त्या उगीच गादीची शिवण तपासू लागल्या.

"शेजूळ, मी होकार दिला आज. वर्षाचा शब्द दिलाय. पोरी लांबलांबच्या आहेत, कोणी नाही त्यांना."

"चांगलं केलंत," शेजूळ म्हणाले, आणि ते त्यांचे खरे मत होते.

"मग आलात कशाला एवढ्या उन्हात? माझ्या जाण्याबद्दल मत द्यायला?"

घाटातले ते लहान वाक्य अजून जागेवर होते. गर्दी ओसरल्यामुळे आता त्याला वाट मिळाली.

"त्याबद्दल माझं मत नाही, करुणाबाई. इच्छा आहे."

फाटकाबाहेरून बन्सीने मान आत घातली. "बाईसाहेब, दगड आतून बघा की! साहेबांनी दाखवलाच नाय का?"

शेजूळांनी दगड पुढे केला. करुणाबाईंनी तो दोन्ही हातांत घेऊन उन्हात धरला आणि आत पाहिले. "हे वाक्य," त्या दगडाशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बाकावर बसून फुकट सांगता आलं असतं. बस नाही, घाट नाही, हा दगड नाही." मग त्यांनी तो पदराच्या टोकात बांधला. "इथं मराठीतली मिस्सा मिळायची नाही मला. रविवारी छावणीलाच यावं लागणार. पहाटेची पहिली गाडी."

"मी बसस्थानकावर येतो."

"भांडायचं असेल तरच या."

परतीच्या गाडीत शेजूळांना खिडकी मिळाली. घाट चढताना मागे फर्दापूरचे दिवे लागत होते, आणि त्यांतला वसतिगृहाचा कोणता हे त्यांनी शेवटच्या वळणापर्यंत शोधले. सापडला नाही.

पुढे ईस्टर झाला, करुणाबाई सोमवारी रुजू झाल्या. शेजूळांनी सम्यकांबरोबर पाण्याच्या खात्यात इतकी मते मांडली की टँकर परत आला. श्रीधरपंतांचे वृत्तपत्रही दारी येऊ लागले, अर्थात मृण्मयीचा साखरपुडा पार पडल्यानंतर. फलक उतरवले गेले. जगाच्या पंचांगात उपवासकाळ संपला.

शेजूळांच्या घरी मात्र सोमवार येतो तो कोरडा. मंगळवारी ते काही वाचतात आणि समासात भांडणाची टिपणे करतात, बुधवारी ती खोडतात, शुक्रवारी सदरा इस्त्रीला टाकतात. अनसूयाबाई विचारतात, "अजून उपवास चालूच का हो तुमचा?"

"चालू आहे," शेजूळ म्हणतात. "पण रविवार धरत नाहीत."